लेखनिकाने स्वतःचे साहित्य देऊ नये

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे मंडळांची वाटणी होते. विज्ञान मंडळ, क्रीडा मंडळ, हरित सेना, हस्तलिखित मंडळ. वाटणी म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ज्याला जे नको असतं ते त्याच्या गळ्यात पडतं. अठरा वर्षं मी विज्ञान मंडळाच्या आड सुखाने लपून होते. मी गणित शिकवते. मराठीत मला बोलता येतं आणि भांडता येतं, एवढंच. पण त्या वर्षी मे महिन्यात मराठीचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली गेली नाही, आणि मुख्याध्यापक वेळापत्रकावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, शनिवारी तुमचा शेवटचा तास रिकामा आहे." एवढ्या एका पात्रतेवर मी साहित्याच्या सेवेत रुजू झाले.

ज्यांच्या शाळेत हस्तलिखित नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. वर्षभर मुलं लेख, कविता, प्रवासवर्णनं लिहितात. त्यातलं बरं निवडून एका जाड कागदाच्या अंकात हाताने, काळ्या शाईने उतरवलं जातं. त्याची एकच प्रत असते. जानेवारीत ती अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाते, नंबर आला तर पुढे पुण्याला. बाकी सगळं आता मोबाइलवर होतं, अगदी मुलांची हजेरीसुद्धा. पण हे एक काम अजून कोणी मशीनवर नेलेलं नाही. आमच्या अकोल्याच्या शाळेचा नंबर कधी आलेला नव्हता आणि त्याचं कोणाला विशेष दुःखही नव्हतं.

मराठीच्या सरांनी कपाटाची किल्ली दिली तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद दाखवला. त्यावर त्यांच्या हातचे दहा नियम होते. समास दोन बोटं सोडावा. पानावर खाडाखोड झाल्यास पान नवे घ्यावे. आणि सातवा, लेखनिकाने स्वतःचे साहित्य देऊ नये. मी कारण विचारलं. सर हसले. एका वर्षी अंक लिहून काढणाऱ्या मुलाने आपल्याच अकरा कविता मधे मधे बसवल्या होत्या, आणि दोघातिघांचे लेख राहून गेले होते. पालक भांडायला आले होते. मलाही हसू आलं आणि नियम पटला. गणिताच्या माणसाला नियमाचं कारण एकदा कळलं की तो पुढे चालू ठेवताना त्याला फार विचार करावा लागत नाही. माझंही तेच झालं.

शनिवारी आमची सकाळची शाळा. शेवटच्या तासाला वाचनालयाच्या खोलीत चौदा पोट्टे जमले. संपादक कोण करायचा हा प्रश्नच नव्हता. दहावीतला पहिल्या नंबरचा मुलगा होता, वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारा, जठारपेठेत राहणारा. लेखनिक ठरवायला मी सगळ्यांना फळ्यावरच्या पाच ओळी कागदावर उतरवायला सांगितल्या. नववी ब मधल्या एका मुलीचा कागद हातात आला आणि मी पुढचे पाहिलेच नाहीत. इतकं सरळ, मोकळं, कुठेही घाई नसलेलं अक्षर मी शाळेत पाहिलं नव्हतं. ही मुलगी आदल्या वर्षी दर्यापूरकडच्या एका खेड्यातून आमच्या शाळेत आली होती. वर्षभर माझ्या बीजगणिताच्या तासाला बसली होती, आणि तिचा आवाज कसा आहे हे मला आठवत नव्हतं.

तो आवाज मी त्या दिवशी ऐकला. सगळे पांगल्यावर ती टेबलाजवळ थांबली.

"मॅडम, लेखनिकाले आपलं काहीच देता येत नाही का?"

मी कपाटाचं दार उघडून दाखवलं. "वाच. सातवा."

तिने वाचला. "बरं," म्हणाली आणि दप्तर उचललं. तिच्याकडे द्यायला काय आहे, हे मी विचारलं नाही. मला दीडची स्कूटी गाठायची होती; म्हणजे शेजारच्या बाई त्यांच्या स्कूटीवर मला घरापर्यंत सोडतात, त्यांना उशीर केलेला चालत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये साहित्य यायला लागलं. साहित्य हा शब्द किती सोशिक आहे ते मला तेव्हा समजलं. 'मोबाइल: शाप की वरदान' या विषयावर पाच निबंध आले आणि पाचही जणांना मोबाइलनेच लिहून दिले होते. एकाने आजीवर कविता केली होती, तिच्यात आजी आणि राजी एवढं एकच यमक सात वेळा होतं. मी सगळे कच्चे कागद एका फायलीत लावत होते, संपादक त्यातलं निवडत होता, आणि ती मुलगी खिडकीजवळच्या टेबलावर बसून निवडलेलं उतरवत होती. माझं काम समास मोजणं, पानांचे आकडे पाहणं आणि ओरडणं. ओरडायला मला फार लागत नाही. ती एकटीच अशी होती की तिच्यावर ओरडायला मला काही सापडलं नाही.

सप्टेंबरमध्ये मंडळाची सहल पातूरच्या लेण्यांना नेली, म्हणजे प्रवासवर्णनाची सोय होईल. आठवीतल्या एका मुलीने ते लिहून आणलं. "आम्ही लेणी पाहिली. लेणी फार सुंदर होती. मग आम्ही डबे खाल्ले." डब्यांवर पुढे दीड पान होतं. मी तो कागद फायलीत घातला आणि विसरले. दोन शनिवारांनी पक्कं पान तयार होऊन आलं, तेव्हा समास मोजता मोजता मी दोन ओळी वाचल्या. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, पण घाई न करता उभं राहिलं तर भिंत आपणहून दिसायला लागते, असं काहीतरी होतं. वा, म्हटलं, पोट्टी बरी लिहिते की. डब्यांच्या लेखात हे कुठून आलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

दिवाळीनंतर तर अंक फारच चांगला व्हायला लागला. आजी-राजीच्या कवितेतून राजी गेली होती. क्रिकेटच्या सामन्यावरच्या लेखात, हरलेल्या संघातला एक जण घरी जाऊन कोणाशी न बोलता बॅट पुसत बसतो, असा एक परिच्छेद होता. मी घरी नवऱ्याला ऐकवलं, "माझ्या हाताखाली पोरं कशी लिहायला लागली बघ. उगाच मराठीच्या माणसाची गरज असते म्हणतात." तो पेपर वाचत होता. "गणितासारखी शिस्त लावली असशील," म्हणाला. मला ते खरंच वाटलं. आता हे लिहिताना कानशिलं गरम होतात.

डिसेंबरमध्ये संपादकाचा स्वतःचा लेख उतरून आला. नाव होतं 'अंगण'. तो मी पूर्ण वाचला. उभ्याने वाचायला घेतला आणि वाचता वाचता खुर्चीवर बसले. सुरुवात नेहमीचीच होती, अंगण हे मुलांचे दुसरे घर असते वगैरे. पण शेवटी गाव सोडून शहरात निघालेलं एक घर होतं. सामान जीपमध्ये चढलेलं आहे, दाराला कुलूप लागलेलं आहे, आणि आई खराटा घेऊन कडुलिंबाखालचं अंगण झाडते आहे. मुलगा विचारतो, आता कोणासाठी झाडतेस, कोण येणार आहे इथे? आई म्हणते, ते अंगणाला काय माहीत. मग ती खराटा दाराला टेकवून ठेवते आणि जीपमध्ये येऊन बसते. एवढंच. मी तो लेख अंकाच्या पहिल्या पानावर घेतला. अंकासोबत एक प्रमाणपत्र द्यावं लागतं, की सर्व साहित्य नावे दिलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिले आहे. त्याखाली मी झोकात सही केली.

स्पर्धेला एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी न्यायचे होते. मी संपादकाला घेतलं आणि मुखपृष्ठ काढणाऱ्या मुलीला घेतलं. लेखनिकाचं काम तर संपलेलंच होतं. शनिवारी सकाळी आम्ही एसटीने अमरावतीला पोचलो. ते माझं माहेरचं गाव, म्हणून मी दोघांना आधी गिला वडा खाऊ घातला आणि मग सभागृहात नेलं. दुपारी निकाल लागला. आमचा अंक पहिला आला. अठरा वर्षांत मी जितकी ओरडले नव्हते तितकी त्या क्षणी आनंदाने ओरडले असेन. शिवाय उत्कृष्ट लेखाचं बक्षीस 'अंगण'ला होतं. परीक्षक बाई व्यासपीठावर अंक हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला यातला शेवट वाचून दाखवायचा आहे. त्यांनी खराटा दाराला टेकवण्यापर्यंत वाचलं. मी अभिमानाने संपादकाकडे पाहिलं, तर तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा तोंड किंचित उघडं ठेवून बसला होता.

परतीच्या बसमध्ये मुखपृष्ठवाली मुलगी बडनेरा यायच्या आतच झोपली. संपादक माझ्या शेजारी होता. बक्षिसाचं प्रमाणपत्र त्याने मांडीवर उलटं ठेवलं होतं. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाला, "मॅडम, ते मी नाही लिहिलं."

"काय नाही लिहिलं?"

"ते झाडायचं. खराट्याचं. मी खालच्या पार्किंगबद्दल लिहिलं होतं, तिथं आमी क्रिकेट खेळतो म्हून. आमी तिसऱ्या मजल्यावर राहतो मॅडम. माही आई कुठं आंगन झाडन?"

"मग तू आधी वाचलं नाहीस? संपादक ना तू?"

"पक्कं झाल्यावर काय वाचाचं? अक्षर चांगलं होतं म्हून तसंच पुढं सरकवलं."

मी त्याला रागावणार होते, पण माझंही काही वेगळं झालं नव्हतं. अकोल्याच्या स्टँडवर उतरताना मी त्याला बजावलं, मी पाहून घेते, तू सध्या कोणाशी बोलू नको. तो बरं म्हणाला.

रविवारी जेवणं आटोपल्यावर मी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला कच्च्या कागदांची फाइल ठेवली आणि दुसऱ्या बाजूला अंक. एकेक कागद, एकेक पान ताडून पाहिलं. जुलैच्या पानांत तिने फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारलं होतं. ऑगस्टमध्ये इकडेतिकडे एखादा शब्द बदललेला होता, आणि तो नेमका जिथे वाचताना अडखळायला होतं तिथेच. पातूरच्या लेखात पहिल्यांदा दोन ओळी आल्या होत्या, डब्यांच्या आधी, हळूच. दिवाळीच्या सुमाराला वाक्यांच्या जागी परिच्छेद आले. आणि डिसेंबरमध्ये ती मोकळी झाली होती. क्रिकेटच्या लेखातला बॅट पुसणारा, बाजाराच्या लेखात ब्लाउजचं माप सांगताना लाजणारी म्हातारी, 'माझे बाबा' मध्ये आठवड्यातून एकदा घरी येणारे आणि आल्या आल्या मुलांच्या चपला उंबऱ्याशी नीट लावून ठेवणारे वडील. तो लेख ज्याच्या नावावर होता त्याचे वडील आमच्याच शाळेत लिपिक आहेत आणि रोज पाच वाजता घरी असतात.

इतक्या सगळ्या मुलांच्या नावाखाली एकाच मुलीचं घर होतं. मी ते वर्षभर वाचत होते आणि त्याचं श्रेय घेत होते. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. आधी रागच आला. माझी सही होती त्या प्रमाणपत्रावर.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला वाचनालयात बोलावलं. संपादकाचा कच्चा कागद आणि अंकातलं पक्कं पान समोर ठेवलं. घाबरलेल्या माणसासारखं तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"तू हे कावून केलं?" रागावले की माझी वऱ्हाडी आपोआप बाहेर येते.

तिने खिडकीजवळच्या आपल्या टेबलाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "लिहिता लिहिता हात थांबे मॅडम. असं वाटे का इथं अजून काई पायजे. पयले एक शब्दच टाकला. कोनी काई म्हनलं नाही. तुमी तं 'छान' म्हनलं."

"पण नियम वाचला होतास ना?"

"हो. म्हून तं मह्यं नाव कुठंच नाही टाकलं. ते त्याइचंच होय. मी फक्त पुरं केलं." आणि मग पडेल आवाजात, "मले मंडळातून काढता का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर होतं, आणि मला वाटलं मी फार मोठ्या मनाने ते देते आहे. "नाही काढत. पण हे कोणालाच सांगायचं नाही. कोणी विचारलं तर तू फक्त अक्षर काढलं. समजलं?" तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आला, आणि तो पाहून मलाही सुटल्यासारखं वाटलं. पोरगी वाचली, शाळेचा नंबर वाचला, माझी सही वाचली. हिशेब बरोबर येतो आहे असं वाटलं की मी पुन्हा तपासत नाही, ही माझी जुनी खोड.

अंक पुढे पुण्याला जायचा होता, म्हणून मुख्याध्यापकांना मात्र सांगावंच लागलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, प्रमाणपत्रावर सही तुमचीच आहे." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी तिला संपादक करून टाका. आता अंक पुण्याला जाऊ द्या. आपल्या शाळेचं कधी काही पुण्याला गेलंय का?" गेलं नव्हतं. मी पुन्हा हो म्हटलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठेवला होता. अंक व्यासपीठाजवळच्या टेबलावर हार घालून मांडला होता. पालक आले होते, पोट्टे रांगेत बसले होते. संपादकाच्या हाती माइक दिला, दोन शब्द बोल म्हणून. त्याने आभार मानले, शाळेचं नाव घेतलं, आणि मग थांबला. मला त्याच क्षणी कळलं.

"त्या लेखातलं जे वाचून दाखवलं, ते मी नाही लिहिलं," तो म्हणाला. "ते आमच्या लेखनिकानं लिहिलं. नववी ब." आणि त्याने बोटाने तिच्याकडे दाखवलं.

मैदानावर कुजबूज झाली. मुख्याध्यापकांनी माइक घेतला. त्यांचा आवाज गोड झाला होता, आणि तो तसा झाला की आम्ही शिक्षक सावध होतो. "काय गं बाळा, असं आहे का?"

ती उभी राहिली. मुख्याध्यापकांकडे न पाहता तिने माझ्याकडे पाहिलं. शंभर वेळा मी मुलांना सांगितलं असेल, उत्तर येत नसेल तर माझ्या तोंडाकडे बघू नका. त्या वेळी तिला उत्तर येत होतं, आणि तरी ती माझ्याकडे बघत होती. मला फक्त मान हलवायची होती. मी झेंड्याच्या दोरीकडे पाहिलं.

"नाही सर," ती म्हणाली. "मी फक्त अक्षर काढलं."

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक म्हणाले, पाहा, दोन्ही मुलं किती प्रामाणिक, एक मोठेपणा घेत नाही आणि दुसरी खोटा घेत नाही. आणखी टाळ्या पडल्या. संपादक माइकजवळून खाली उतरताना माझ्यासमोरून गेला. "मॅडम, तुमाले तं माईत होतं," एवढंच म्हणाला. ती आपल्या जागी बसली आणि पुढच्या मुलीच्या रिबिनीकडे पाहत राहिली. मी तिला खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि तिने ते माझ्या शिकवणीतलं एकमेव प्रमेय असल्यासारखं एकही पायरी न चुकता मांडलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चिवडा-लाडू वाटप चालू असताना मी टेबलावरचा अंक उचलला, हार काढला आणि अंक पिशवीत घातला. कोणी विचारलं असतं तर काय सांगायचं हे ठरवलं नव्हतं. नववी ब च्या वर्गशिक्षकांकडून पत्ता घेतला आणि रिक्षा केली.

घर म्हणजे रस्त्याला लागून एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, दारावर फॉल-पिकोची पाटी, आणि त्या पाटीवरचं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. मशीनवर बसलेल्या बाई उठल्या. "जय भीम मॅडम, या ना. काय झालं? हिनं काही केलं का?"

"जय भीम," मी म्हटलं. "हिने काही नाही केलं. तुम्हाला एक दाखवायचं होतं." मुलगी अजून गणवेशातच होती, आतल्या दारात येऊन उभी राहिली. पुढे आली नाही.

मी अंक उघडून पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि मशीनच्या फळीवर अंक ठेवून बोटाने ओळीओळीने वाचायला लागल्या. सुरुवात वाचून "छान आहे" म्हणाल्या. मग बोट थांबलं. पुन्हा मागे गेलं. जीप, कुलूप, कडुलिंब.

"हे तं आमचं आंगन होय," त्या म्हणाल्या. "हे मी म्हनलं होतं. तू बी होती ना तवा, जीपमदी?" असं म्हणून त्या मुलीकडे वळल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं. "तुझ्या ध्यानात होतं का वं ते?"

मुलीने फक्त मान हलवली.

त्यांनी पुन्हा पानाकडे पाहिलं. लेखाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, संपादकाचं नाव होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं असावं. मग मला विचारलं, सरळ, आमच्याकडे विचारतात तसं, "मंग खाली नाव कावून दुसऱ्याचं हाय मॅडम?"

येताना रिक्षात मी बरंच काही जुळवलं होतं. सरांचा नियम, अकरा कवितांची गोष्ट, स्पर्धेची पद्धत. त्यातलं काहीच त्या खोलीत सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मी काही देऊ का म्हणून. मी नाही म्हटलं. आणि आज सगळ्यांसमोर ती खोटं बोलली, तेही मीच शिकवलं म्हणून. तिची काही चूक नाही."

मुलगी दारातून म्हणाली, "नियम होता आई तो."

"नियम होता," मी म्हटलं, "पण तुझ्याकडे काय आहे ते विचारू नको असं कुठल्याच नियमात नव्हतं."

आईंनी अंक फळीवर आपल्याकडे ओढून घेतला. मला वाटलं आता चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, आणि मी त्याला तयार होते. पण त्या म्हणाल्या, "त्या पोराचं नाव खोडू नका. त्याचा काय दोष. हिचं लिवा त्याच्या खाली."

त्या पानावर दुसरं नाव आलं की माझी सही खोटी ठरत होती, आणि अंक पुण्याला जाणार नव्हता. मुख्याध्यापकांचा चेहरा मला दिसत होता. तो पुढे आठवडाभर तसाच दिसला, पण ती वेगळी गोष्ट. मी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि पानावर वाकले.

"थांबा मॅडम."

ती दारातून पुढे आली. तिने माझ्या हातातलं पेन पाहिलं, मग पान पाहिलं. "हे निळं होय. आन तुमचं अक्षर तिथं बरं नाही दिसत," ती म्हणाली. "मी लिहितो."

तिने दप्तरातून आपलं काळं पेन आणलं. आईने फळीवरचे कापडाचे तुकडे बाजूला केले. ती स्टुलावर बसली, आणि वर्षभरात कितीतरी नावं न अडखळता लिहिलेला तो हात त्या कोपऱ्याशी येऊन थांबला. मग तिने लिहायला सुरुवात केली, इतकं बारीक की मला वाकून पाहावं लागलं.

आई तिच्या खांद्यावरून पाहत होत्या.

"थोडं मोठं लिव ना वं," त्या म्हणाल्या.